थंडी, अवकाळी आणि उडण्याजोगा वारा: महाराष्ट्राच्या हिवाळ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास माझा फोन वाजायला लागतो. चुलतभावाला द्राक्षबागेची काळजी असते, भाचीला वाढदिवसाला कामशेतला उडायचं असतं, शेजारच्या काकूंचा मुलगा दिल्लीहून येणार असतो आणि विमान वेळेवर येईल का हे मला विचारलं जातं. मी हवामान खात्यात नाही. पुण्यात राहतो, सुट्टीच्या दिवशी मावळातल्या डोंगरांवरून पॅराग्लायडर उडवतो, आणि उडायचं म्हणून आभाळाकडे बघायची सवय लागली ती लागलीच. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. लोक पारा किती उतरला ते बघतात, मी वारा कुठून येतोय ते बघतो. खालच्या बहुतेक उत्तरांत तो वारा येणारच आहे, कंटाळू नका.

आपल्याकडे हिवाळा सुरू कधी झाला म्हणायचा?

हवामान खात्याच्या हिशेबात ऑक्टोबर ते डिसेंबर हा मान्सूनोत्तर काळ, आणि जानेवारी-फेब्रुवारी एवढाच हिवाळा. म्हणजे ज्या डिसेंबरात आपण ट्रंकेतून स्वेटर काढतो तो कागदोपत्री हिवाळाच नाही! मुंबईतून मोसमी वारे माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर दोनेक आठवडे ऑक्टोबर हीट भाजून काढते, आणि दिवाळीच्या मागेपुढे कधीतरी सकाळी गाडीची सीट दवानं ओली सापडते. त्या दिवशी गच्चीवर जाऊन बघा, वारा ईशान्येकडून येत असेल. माझा हिवाळा तिथून सुरू होतो.

थंडी नेमकी येते कुठून?

उत्तरेकडून, पण रोज नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं कमी दाबाच्या प्रणाली एकामागून एक पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतात; बातम्यांत कधी झंझावात, कधी विक्षोभ असेही शब्द दिसतील, गोष्ट तीच. महिन्याला साधारण चार-सहा येतात आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून जातात. एक पुढे सरकला की त्याच्या मागे वायव्य भारतावरचं आभाळ मोकळं होतं, हवेचा दाब वाढतो, आणि तिथली कोरडी गार हवा राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे उतरते. पहिला तडाखा खानदेशाला आणि निफाडला, मग नगर-पुण्याला. 'काश्मिरात बर्फ पडला की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे हुडहुडी' हा जुन्या लोकांचा ठोकताळा काही अगदीच वाऱ्यावरचा नव्हे.

पण निम्मी थंडी बाहेरून येतच नाही, ती इथेच तयार होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमीन दिवसभराची ऊब रात्रीतून वर सोडून देते. ढग असले तर ते गोधडीसारखे ही ऊब अडवतात. नसले तर पहाटेपर्यंत जमीन गार पडते आणि तिला चिकटलेली हवाही. पुण्यात जानेवारीत दुपारी २९-३० आणि पहाटे ११-१२ असं असतं ते यामुळेच. मुंबईला समुद्र असल्यानं तिच्या वाट्याला असली पहाट क्वचितच येते.

पुण्यात पारा महाबळेश्वरच्याही खाली जातो, हे कसं?

हा दरवर्षीचा लाडका प्रश्न. 'पुणे महाबळेश्वरपेक्षा गार' अशी बातमी आली की लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र ठीक असतं. रात्री गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. ती साठते खोलगट जागी: नदीकाठी, ओढ्यात, खोऱ्याच्या तळाशी. उंच कड्यावरच्या गावात ती टिकत नाही, घरंगळून खाली जाते आणि तिची जागा वरची जरा उबदार हवा घेते. म्हणून पहाटेच्या वेळी उंचीवर थंडी जास्त हा शाळेतला नियम उलटा होतो. डोंगराच्या पायथ्याला १० अंश आणि तीनशे मीटर वर १५, असं सर्रास असतं. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. पायलट लोक नुसतं इन्व्हर्जन म्हणतात, आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. का ते पुढे येईलच.

आता गंमत अशी की महाबळेश्वरातच वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठतं, पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, आणि त्याच पहाटे गावातला पारा बराच वर असतो. वेण्णा तलाव खोलगटात आहे, गार हवा तिथे जाऊन बसते. शिवाय पारा मोजतात तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झिरझिरीत झडपांच्या पांढऱ्या पेटीत. गवताच्या पात्यावर त्याहून काही अंश कमी असतं. त्यामुळे पारा ४-५ दाखवत असताना गवतावर बर्फाची साय धरू शकते.

थंडीची लाट कशाला म्हणतात?

आपल्याला वाजली म्हणून लाट होत नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा कमी हवं आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली हवं. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताही लाट धरतात. किनाऱ्यासाठी सूट आहे, तिथे १५ अंशांची अट. म्हणून मुंबईकरांच्या लाटेला नाशिककर हसतात. तरी मुंबईनंही एकदा दाखवलंय: २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे, १.७ अंश. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५.

बातमीत ९ अंश सांगतात आणि माझा मोबाइल १३ दाखवतो. खरं कोणाचं?

दोन्ही. बातमीतला आकडा वेधशाळेच्या पेटीतला, तुमचा मोबाइल आजूबाजूच्या मोठ्या चौकोनासाठी गणितानं काढलेला अंदाज दाखवतो. आणि सिमेंटच्या वस्तीत, दोन इमारतींच्या बोळात खरोखरच दोन-तीन अंश जास्त असतात.

मग याच दिवसांत मुंबई-रत्नागिरीला ३५ अंश कसे जातात?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात दख्खनवरून पूर्वेचा कोरडा वारा सुटतो आणि घाट उतरून कोकणात येतो. खाली उतरणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला जवळपास एक अंश तापते. शिवाय हा वारा जोरात असला की समुद्रावरून येणारी झुळूक, जिला मतलई म्हणायची चूक बरेच जण करतात (मतलई म्हणजे जमिनीवरून येणारा, समुद्राचा तो खारा वारा), ती दुपारपर्यंत किनाऱ्यालाच अडकून राहते. एरवी अकरा-बाराला येणारा गारवा दोन वाजेपर्यंत आला नाही की सांताक्रूझ आणि रत्नागिरी थेट देशातल्या सर्वांत उष्ण गावांच्या यादीत. त्याच दिवशी पहाटे पुण्यात लोक शेकोटीला बसलेले असतात. एकाच वाऱ्याची ही दोन रूपं आहेत.

हिवाळ्यात पाऊस पडतोच कसा? ढग येतात कुठून?

तीन दारं आहेत.

पहिलं दार बंगालच्या उपसागराचं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. तिकडे कमी दाबाचं क्षेत्र किंवा वादळ झालं की त्याच्या उत्तरेच्या अंगानं दमट पूर्वेचा वारा आपल्यापर्यंत पोचतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली थंडी गायब झाली, आभाळ भरून आलं, ते याचमुळे.

दुसरं दार अरबी समुद्राचं. हे क्वचित उघडतं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ गुजरातकडे सरकताना मुंबईत भर थंडीत पाऊस पडला होता आणि ५ तारखेला शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. छत्री शोधायला माळ्यावर चढलेले लोक मला आठवतात.

तिसरं दार सर्वांत त्रासाचं: उत्तरेकडून पश्चिमी चक्रावात बराच खाली उतरतो, दक्षिणेकडून दमट वारा वर येतो, आणि दोघांची गाठ विदर्भ, मराठवाडा किंवा उत्तर महाराष्ट्रावर पडते. कोरडं-गार वर, ओलं-उबदार खाली. मग विजा, गारा, सगळं एका दुपारी. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड आणि आसपास अशाच गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट तर मार्चच्या मध्यापर्यंत चालली होती.

गारा पावसाळ्यात पडत नाहीत, मग याच दिवसांत का?

पावसाळ्यात हवा शून्य अंशाला पोचते ती साधारण पाच किलोमीटरवर. तिथे तयार झालेली गार खाली येईतो विरघळते. हिवाळ्यात ही पातळी खाली आलेली असते, मधली हवा कोरडी असते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत टिकते. वर ढगातला उपसा जोराचा असेल तर ती आतल्या आत वर-खाली होत लिंबाएवढीही होते.

पाऊस पडला की थंडी वाढते की कमी होते?

दिवसा वाढते, रात्री कमी होते. ढगांमुळे ऊन नाही, म्हणून दुपारचं तापमान कोसळतं. पण त्याच ढगांमुळे पहाटेचा पारा चढतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला असंच झालं. दिवसभर पाऊस, सोबत वारा, आणि दुपारीसुद्धा गारठा. पुणे आणि नगर जिल्ह्यात उघड्यावर बसवलेली मेंढरं भिजून, काकडून दगावली. त्या दोन पहाटेचे किमान आकडे बघितले तर थंडीची लाट वगैरे काहीच नव्हती. म्हणून म्हणतो, नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की १८ अंशांतही जीव जातो.

खरी थंडी येते ती पाऊस संपून आभाळ मोकळं झाल्यावर आणि वारा पुन्हा उत्तरेचा झाल्यावर. त्या मधल्या एक-दोन पहाटे दाट धुकं पडतं, कारण जमीन ओली असते आणि आभाळ स्वच्छ.

आमच्या द्राक्षाला आणि आंब्याला थंडी चांगली की वाईट?

मी शेतकरी नाही, चुलतभावाचं ऐकून सांगतो. गहू-हरभऱ्याला थंडी हवीच. आंब्याचा मोहोर फुटायला थंडी लागते, पण मोहोर आल्यावर मळभ धरलं की तुडतुडे (कीड) आणि भुरी (बुरशी). द्राक्षात पाणी उतरलेलं असताना पारा पार खाली गेला की मणी तडकतात. म्हणून निफाडकडे पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. जमिनीतलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. तो धूर बागेवर आडवा पसरून राहतो, वर जातच नाही. झाकण घातल्यासारखा. ते झाकण म्हणजे मघाचंच इन्व्हर्जन. इथे ते भावाच्या कामाचं, माझ्या नव्हे.

अंदाजात 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. आमच्याकडे पडणार की नाही?

तुरळक म्हणजे त्या भागातल्या चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. म्हणजे 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस' असं सांगून तुमच्या अंगणात थेंबही पडला नाही तर अंदाज चुकला असं नाही. आणि अडीच मिलिमीटर पडला तरच तो पावसाचा दिवस मोजतात. थंडीतल्या चार शिंतोड्यांना कागदावर किंमत नाही, वाळत घातलेल्या पापडांना आहे.

पॅराग्लायडिंगला हिवाळा खरंच चांगला का?

शिकायला आणि पहिल्यांदा उडायला, हो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत कामशेत आणि पाचगणीला हंगाम चालतो. मार्च-एप्रिलची दुपार अनुभवी लोकांची. तापलेल्या जमिनीवरून हवेचे फुगे दणादण सुटतात, उंची मिळते, पण विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, तीही तशीच हादरते. डिसेंबर-जानेवारीत हेच फुगे, म्हणजे थर्मल, मवाळ असतात.

मावळातला जानेवारीतला दिवस असा असतो. सातला डोंगरावर पोचलात तर पवना धरणाच्या बाजूला धुक्याची चादर, त्यावर करड्या-तपकिरी धुराचा पट्टा रेघ मारल्यासारखा सपाट. वारा नाही. हवा लोण्यासारखी, पण नुसतं घसरत खाली जायचं. नवशिक्यांना टेकडीवरून सोडायला ही वेळ उत्तम. दहाला ऊन चटकायला लागतं, तरी काही होत नाही. का? इन्व्हर्जन. पायथ्याला १० आणि तीनशे मीटरवर १५ असेल, तर जमिनीलगतची हवा १८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय डोंगरमाथ्याच्या वर निघूच शकत नाही, कारण वर चढताना ती दर शंभर मीटरला एक अंश गार होते. तोवर आम्ही विंग पसरून, तिच्यावर दगड ठेवून, शेंगदाणे खात बसतो. याला पॅरावेटिंग म्हणतात आणि या खेळात निम्मा वेळ तोच चालतो. साडेअकरा-बाराला पहिली घार पंख न हलवता गोल फिरताना दिसली की सगळे हेल्मेट शोधायला लागतात. दुपारनंतर, जर पूर्वेचा वारा हलका असेल तर, पश्चिमेकडून समुद्राचा वारा घाट चढून येतो आणि पश्चिमेला तोंड केलेल्या डोंगरांवर संध्याकाळपर्यंत सलग, गुळगुळीत चढ मिळतो. सूर्य बुडेपर्यंत उडा.

आणि धोका?

पूर्वेचा वारा. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण याच ऋतूत चांगले चांगले फसतात.

मी शिकून नुकता मोकळा झालो होतो तेव्हाची जानेवारीतली सकाळ. पश्चिमेला तोंड केलेला उतार, अकराची वेळ. समोरून छान झुळूक येत होती, काठीला बांधलेली रिबन माझ्या तोंडाकडे फडफडत होती. टेकऑफला याहून काय हवं? मी हार्नेसचे बकल लावले. माझ्यामागे शेळ्या चारत बसलेले एक बाबा होते, त्यांनी विडी खाली न ठेवताच विचारलं, "पोरा, तो धूर बघितलास का?" खाली खाचरात कुणीतरी पेंढा पेटवला होता. धूर उताराला लागून वर येत होता, म्हणजे माझ्याकडे. माझ्या डोक्याच्या थोडं वर आल्यावर मात्र तो मोडला आणि सरळ पश्चिमेला, माझ्या पुढ्यातल्या दरीकडे निघून गेला.

म्हणजे खरा वारा पाठीमागून, पूर्वेचा होता. समोरची झुळूक ही उन्हानं तापलेल्या उताराची हवा वर सरकत होती एवढंच. मी उडालो असतो तर पन्नास फुटांवर डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला घोळ घालणाऱ्या हवेत, ज्याला रोटर म्हणतात, सापडलो असतो. ओढ्यातल्या दगडामागे पाणी कसं भोवरे घेतं, तसं. मी बकल सोडले. बाबांनी पुढे काहीच म्हटलं नाही, शेळ्या हाकल्या. तेव्हापासून टेकऑफच्या रिबनआधी मी धूर शोधतो.

वारा किती असला की उडायचं नाही?

पॅराग्लायडर स्वतः ताशी ३६ ते ४० किलोमीटरनं पुढे जातो. समोरचा वारा तेवढाच झाला तर तुम्ही हवेत जागच्या जागी, आणि वाढला तर उलटे मागे. नवशिक्यानं ताशी वीसच्या पुढे विचार सोडावा. आकड्यापेक्षा झटक्यांकडे बघा. सलग १८ चालेल. १० वरून एकदम २५ वर जाऊन परत येणारा वारा नको. अंदाजात वारा नॉटमध्ये असतो हेही लक्षात ठेवा, १० नॉट म्हणजे साडेअठरा किलोमीटर.

मी पहिल्यांदा टँडम (पायलटसोबत दोघांनी एकत्र उडणं) करणार आहे. काय घालू, काय खाऊ?

खाली ऊन असतं म्हणून लोक टी-शर्टवर येतात आणि वर कुडकुडतात. हजार मीटर वर सात ते दहा अंश कमी, त्यात ताशी ३६ चा वारा. अंगभर जॅकेट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे. ओढणी, मफलर, लोंबणारं काही नको. मोबाइलला दोरी लावा. वाटेत वडापाव खा, तर्रीदार मिसळ परतीला ठेवा. कारण विचारू नका. उडवणाऱ्याकडे राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आहे का ते मात्र बिनदिक्कत विचारा. आणि त्यानं 'आज वारा बरोबर नाही, उद्या या' म्हटलं तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

नोव्हेंबरात येत असाल तर एक: मावळात भात उभा असतो. उभ्या पिकात उतरणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षाच्या इंद्रायणी तांदळावर पाय देणं. कापणी झाल्यावरच खाचरं उतरायला मोकळी.

ढगाळ दिवशी उडता येतं का?

पातळ, उंच ढग असतील तर हो, फक्त थर्मल झोपलेले असतात. दक्षिणेकडून दमट वारा सुरू झाला, ढगांचे तळ खाली आले आणि एखादा फुलकोबीसारखा वर वाढायला लागला की सामान गुंडाळायचं. तळ किती उंच असेल याचा एक सोपा हिशेब आहे: तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो आकडा) वजा करा आणि १२५ नं गुणा. कोरड्या दुपारी २८ आणि ८, म्हणजे तळ अडीच हजार मीटरवर. अवकाळीच्या आदल्या दिवशी २६ आणि २०, म्हणजे साडेसातशेवर. या दोन आकड्यांतलं अंतर मिटायला लागलं की मी रविवारचा बेत मोडतो, मग अंदाज काही का म्हणेना.

आदल्या रात्री तुम्ही काय बघता?

खात्याचा जिल्हावार इशारा आधी. मग दीड किलोमीटर उंचीवरचा वारा: दिशा आणि जोर. तिथे पूर्वेचा १५ नॉट दिसला की पश्चिमेच्या टेकऑफला मी जातच नाही. खात्याची केंद्रं रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला हायड्रोजनचे फुगे सोडतात, त्यावरून कुठल्या उंचीवर किती गार ते कळतं. तो आलेख वाचता आला की इन्व्हर्जन किती वाजता फुटेल याचा बरा अंदाज येतो. पुणेकरांना हे सगळं घरचंच असायला हवं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आपण सिमला ऑफिस म्हणतो ते उगाच नाही, १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं होतं.

पुण्यात लख्ख ऊन पडलंय, मग विमान चार तास लेट का?

कारण तुमचं विमान अजून दिल्लीत आहे. एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या करतं. त्याची सकाळची पहिली फेरी दिल्लीच्या, लखनौच्या किंवा अमृतसरच्या धुक्यात अडकली की पुढच्या सगळ्या गावांना उशीर वाटला जातो. त्यात वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले तर नवी माणसं शोधा.

गंगेच्या मैदानात ओली जमीन, निरभ्र आभाळ, पडलेला वारा. धुक्याला सगळं सामान तयार. एक किलोमीटरपेक्षा कमी दिसलं की धुकं म्हणतात, दोनशे मीटरच्या खाली गेलं की दाट. दिल्लीला अगदी ५० मीटरवरही उतरता येईल अशी कॅट-३ यंत्रणा आहे, पण तिच्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिघंही त्या पात्रतेचे लागतात. आणि यंत्रणा असली तरी विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणजे रांग लागतेच.

डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्यापर्यंत उत्तरेकडून यायचं असेल तर पहाटेचं विमान घेऊ नका, दुपारचं घ्या. काकूंना दरवर्षी हेच सांगतो, त्यांचा मुलगा दरवर्षी स्वस्त म्हणून पहाटेचंच काढतो. हवामानामुळे उशीर झाला तर विमान कंपनी नुकसानभरपाई देणं लागत नाही. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक मागता येतं.

मुंबईत सकाळी दिसतं ते धुकंच ना?

बहुतेक वेळा धुरकं. पाण्याचे कण कमी, धूळ-धूर जास्त. उत्तरेचा हलका वारा आणि वरचं झाकण, दोन्ही मिळून शहराचा धूर शहरातच ठेवतात. समुद्राचा वारा जोरात सुटला की तासाभरात साफ.

ला निना असली की थंडी कडक पडते म्हणतात. खरं?

ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार पडणं. उत्तर भारतात तसा कल दिसतो. पण संबंध ढोबळ आहे. एखाद-दोन उपसागरी वादळं महाराष्ट्राचा अख्खा डिसेंबर उबदार करून टाकतात. ला निनाच्या बातमीवर कांबळं घ्या, लग्नाची तारीख ठरवू नका.

संक्रांतीला पतंगाला वारा असेल का?

सकाळी नऊपर्यंत नाही, ते झाकण फुटलं की असेल. येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, भल्यामोठ्या लाकडी आसाऱ्या (मांजा गुंडाळायच्या फिरक्या) घेऊन माणसं गच्चीवर चढतात, आणि सकाळी वारा पडलेला असला की तेही आमच्यासारखेच आभाळाकडे बघत बसतात. नायलॉन मांजा तेवढा वापरू नका. त्यावर बंदी आहेच, पण मी तो एकदा उतरताना विंगच्या दोऱ्यांत अडकलेला सोडवलाय; बोट हाडापर्यंत कापलं जात होतं.

हिवाळा संपला हे कसं ओळखायचं?

फेब्रुवारीत कधीतरी पहाट गार असते पण दहालाच जॅकेट नकोसं होतं. पळस पेटलेला असतो, डोंगरावर रात्री वणव्याची लाल रेघ दिसते. दुपारी कापलेल्या खाचरात पाचोळा गोल फिरत उठतो, माणसाएवढा होतो, बांध ओलांडून पलीकडे जातो आणि विरतो. पहिली वावटळ. तो दिवस दिसला की मी नवशिक्यांना दुपारी घरी पाठवतो, आणि पाण्याची दुसरी बाटली सॅकमध्ये टाकतो.